कडुलिंबाखालची जागा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात कडुलिंबाच्या रांगेला बसणाऱ्या बायांकडे जागेचा कागद नाही. सकाळी गोणपाट अंथरलं की जागा आपली. दुखणं-बाणं, लग्नकार्य आलं तर गोणपाट शेजारणीकडे द्यायचं. ती आपल्याबरोबर तेही अंथरते, आणि ते दिवसभर रिकामं पडलं तरी कुणी त्यावर पाय देत नाही. जागा कायमची सोडायची तर घरच्या माणसाने तसं तोंडाने सांगायचं. मग राखणारी ते गोणपाट धुऊन, घडी घालून परत करते. घडी परत आली की विषय संपला. त्यावर भांडण होत नाही.

चंपाबाईची जागा खोडाला लागूनच होती. ती तिच्या सासूने मिळवलेली. त्याआधी त्यांच्या वस्तीतल्या बाया रस्त्यापलीकडे, नालीच्या कडेला बसत. त्यांच्याकडची वाळली मिरची लोक नेत, ओल्या भाजीला हात लावत नसत. एका बाजाराला सासू उजाडायच्या आत आली आणि कडुलिंबाखाली ठाण मांडून बसली. माणसं गोळा झाली, ऊठ ऊठ म्हणून ओरडली. सासू म्हणाली, “उठवा.” हात लावून आपल्याला कुणी उठवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासू गेली तशी चंपाबाई तिथे बसू लागली. हिरवी मिरची, लसूण, आंबाडी, सांभाराच्या जुड्या. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे तिला पुण्यात गेल्यावर सुनेने सांगितलं. त्या जागेवर बसून तिने उत्कर्षला शिकवलं. तो पुण्यात कंपनीत लागला, पौर्णिमाशी लग्न झालं, आणि त्याच्या तोंडी ‘माय’ची ‘आई’ झाली.

“आई, तुला मंडई दाखवतो,” तो दर दिवाळीला म्हणायचा. “दगडी इमारत, वर छप्पर, प्रत्येकीला बसायला वेगळा ओटा.”

चंपाबाईला पुण्यात दुसरं काही बघायचं नव्हतं. बाईमाणसाला बसता यावं म्हणून कुणी दगड घडवून जागा बांधली, ही गोष्ट तिला एकदा हात लावून बघायची होती. म्हणून यंदा तिने गोणपाट ललिताबाईकडे दिलं. ललिताबाई तांड्यावरची. आधी रांगेच्या शेवटी, उन्हात बसायची; सरकत सरकत आता चंपाबाईच्या शेजारी आली होती. “दोन बाजार टाकजो वो,” चंपाबाई म्हणाली. “मंडई पाहून येतो.”

“जाय न. माह्यासाठी काय आणशीन?”

“तुह्यासाठी ओटा आणतो उचलून.”

पुण्यात पहिला आठवडा उत्कर्षला सुट्टी नव्हती. दुसऱ्यात पाहुणे. तिसऱ्यात पौर्णिमाला बरं नव्हतं. चंपाबाई सकाळी उठून पोळ्या करून टाकायची आणि नवव्या मजल्यावरून खाली बघत बसायची. नवऱ्याला, जानरावला फोन केला तर तो म्हणाला, “राह्य न अजून. काय घाई हाय?” एवढ्या वर्षांत ह्या माणसाने तिला कुठे राहा म्हणून सांगितलं नव्हतं. ती तेवढ्याने भुलली.

शेवटी एका रविवारी उत्कर्ष दोघींना मंडईत घेऊन गेला. एकटं बघायचं नव्हतं, हेरिटेज वॉक होता. सुती कुर्ते घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली माणसं मंडईसमोर जमली होती. वॉक घेणारी मुलगी चुणचुणीत होती. आठ बाजूंचा उंच मनोरा, त्यातून फाटे फुटावेत तशा निघालेल्या लांब पडव्या तिने हात करून दाखवल्या. इमारतीला आधी एका इंग्रज साहेबाचं नाव होतं, पुढे महात्मा फुल्यांचं दिलं, हेही सांगितलं. चंपाबाईने तिथेच हात जोडले. कुणीतरी तिचा फोटो काढला.

आत गार होतं. ओटे तिच्या मनातल्यापेक्षा उंच होते. विकणारे वर बसलेले, गिऱ्हाईक खाली उभं. शेलूत उलटं असतं. तिथे बाई खाली आणि गिऱ्हाईक तिच्या डोक्यावर. चंपाबाईने एका ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. बसून-उठून दगड गुळगुळीत झाला होता. पण त्या मुलीचं बोलणं ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की कुणी काही विकत घेत नव्हतं. सगळे वांग्यांचे फोटो काढत होते. ओट्यावरच्या बाया त्यांच्या अंगावरून पलीकडे, खरं गिऱ्हाईक येतंय का बघत होत्या.

“मला एक सांगायचंय,” उत्कर्ष अचानक मोठ्याने म्हणाला आणि त्याने चंपाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. “ही माझी आई. आमच्या गावाकडच्या बाजारात हिने तीस वर्षं भाजी विकली. मी आज जो काही आहे, तो त्या बाजारामुळे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईचे डोळे भरून आले.

“विकली नाई, विकतो,” चंपाबाई म्हणाली.

लोकांना ते फार आवडलं. मुलगी म्हणाली, “मावशी, त्या ओट्यावर बसा ना. सगळ्यांसोबत एक फोटो घेऊ.” ओटेवाली चहा प्यायला उतरली होती. तिच्या मेथीवर ओलं फडकं होतं, बसायच्या जागी चौघडी घातलेलं पोतं.

“नाई बाई.”

“लाजू नका!”

“लाजत नाई. तिची जागा हाय.”

“अहो, दोन मिनिटं. त्या काही म्हणणार नाहीत.”

“म्हणणार नाई म्हणून बसाव काय?” चंपाबाई मागे सरली. लोक कौतुकाने हसले. उत्कर्ष मात्र ओशाळला आणि तिला हाताला धरून मनोऱ्याखाली घेऊन आला. पौर्णिमा मागोमाग आली.

“आई, एवढ्या लोकांत असं काय करतेस?”

“पाहून झाली मंडई. मले उद्याच्या गाडीत बसवून दे. लय बाजार चुकले. ललिता तरी किती दिवस राखून राह्यली असंल.”

उत्कर्षने पौर्णिमाकडे बघितलं, मग मनोऱ्याकडे. “आता घाई नाही आई. मी ललितामावशीला फोन करून सांगितलंय.”

“काय सांगतलं?”

“की तू आता बसणार नाहीस. जागा तुम्हीच घ्या म्हटलं. बाबांना विचारूनच केलं.”

चंपाबाईला आधी जानरावचं ते “राह्य न अजून” आठवलं. मग पहिला आठवडा, दुसरा, तिसरा.

“तुह्या आजीची जागा होती ते.”

“माहीत आहे. तिने मिळवली, तू टिकवलीस, मी शिकलो. आता पुरे ना. उन्हातान्हात कशाला बसायचं? आणि पौर्णिमाच्या माहेरचे जीपमधून उतरले की पहिली तूच दिसतेस, गोणपाटावर. बरं दिसतं का ते?”

“माझ्या माहेरचं नाव कशाला घेता?” पौर्णिमा म्हणाली. “ते आईंकडूनच मिरची नेतात. वर्षाची.”

उत्कर्ष चिडला तशी त्याची पुण्याची भाषा सुटली. “मंग मले लाज वाटते, झालं? लोकं म्हणते, पोरगा पुण्यात अन् माय बाजारात.”

“अन् आता टाळ्या कायच्या घेतल्या?” चंपाबाईचा आवाज चढला नव्हता. “इथं चार लोकाईत मायचं कौतिक, अन् शेलूत तुले मायची लाज. म्हणजे मी विकेपर्यंत वाईट, अन् विकणं बंद केलं की चांगली. हे अशी मंडईच बांधून टाक न माही. लोकं येतीन फोटो काढाले.”

आतून मुलीने हाक मारली. पुढचा थांबा मिसळीचा होता.

ट्रॅव्हल्सने तिला बाजाराच्या दिवशी सकाळी शेलूच्या फाट्यावर सोडलं. ती घरी गेली नाही. पिशवी घेऊन तशीच बाजारात आली.

खोडाला लागून ललिताबाई बसली होती. तिच्या जागेवर तिच्या शेजारची सरकली होती, त्या जागेवर त्यापुढची, आणि रांगेच्या शेवटी उन्हात ललिताबाईची सून अंजू नव्या गोणपाटावर बसली होती. एक जागा मोकळी झाली की सगळी रांग एक-एक घर वर सरकते. आता ललिताबाईला ऊठ म्हणायचं तर पार अंजूपर्यंत सगळ्यांना उठवावं लागलं असतं. आणि घरच्या माणसाने तर सांगितलं होतं.

“आली काय वो,” ललिताबाई म्हणाली. तिने वर बघितलं नाही. “तुह्या पोराले मी पयले नाईच म्हटलं. म्हटलं, चंपाबाईच्या तोंडून ऐकू दे. तो म्हणे, आईनंच सांगतलं.”

“असं म्हणे तो?”

“हो. अन् भाऊजीबी म्हणाले.” तिने मागे हात घालून गोणपाटाची घडी काढली. स्वच्छ धुतलेली, कडक वाळलेली. “घरी द्याले मन झालं नाई. म्हटलं तू येशीन तवा हातातच दीन.” मग एकदम बाजूला सरकत म्हणाली, “बस न. दोघी बसू. मावतो आपण.”

चंपाबाईने घडी घेतली. कधीकाळी ह्या बाईने उन्हात बसून आपल्याला पाणी पाजलं होतं, हे तिला आठवत होतं. म्हणून राग कुणाचा करावा तेही धड सुचेना.

तेवढ्यात चंपाबाईचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, पेठेतले रामकिसनभाऊ. वाकले, मिरची चिवडली, सांभाराच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या, पैसे ठेवले आणि गेले. समोर कोण बसलंय हे त्यांनी बघितलंही नाही. शेजारी उभ्या चंपाबाईला त्यांची पिशवी घासून गेली.

“मिरची दे पावभर,” चंपाबाई म्हणाली.

रांगेतल्या बाया एकमेकींकडून विकत घेत नाहीत. एक मूठ टाकते, दुसरी जुडी टाकते. ललिताबाईने ओंजळभर मिरची उचलून पुढे केली. “घे न अशीच. काय तोलाचं?”

“तोलून दे.”

“काहून अशी बोलतं वो?”

“तोल म्हटलं न. गिऱ्हाईक आहो मी आता.”

ललिताबाईने तोललं. काटा सरळ झाल्यावर तिने वरून मूठभर मिरची टाकली. चंपाबाईने ती मूठ वेचून परत ढिगात ठेवली, पावभराचे पैसे मोजून दिले, धुतलेल्या गोणपाटाची घडी उलगडून त्यात पावभर मिरची बांधली आणि घराकडे जाणाऱ्या जीपच्या दिशेने चालू लागली.