हलकं झोपायला नकार

इन्शिराहबाईंच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेलो तो ओळखपत्राच्या फोटोसाठी, आणि बाहेर पडलो तेव्हा बहुधा ऋतू बदलला होता. मधल्या काळात त्यांनी माझ्यावर भर दुपारचा सूर्य सोडला आणि "श्वास घेऊ नका, मिशी हलते!" असे हुकूम दिले. फोटोत माझ्या मिशीत अडकलेलं, सकाळी खाल्लेल्या बाकल्याच्या दाण्याचं सालसुद्धा स्पष्ट दिसत होतं. तो ईमेलने पाठवताना अख्ख्या दमिएत्ता शहराचं इंटरनेट बसलं आणि मासळीबाजारातला बर्फ वितळला, हे मी शपथेवर सांगतो.

"जरा लहान करून द्या ना," मी म्हणालो.

"काय लहान करू? फोटो की तुमची अब्रू?"

इजिप्तमधलं आमचं दमिएत्ता दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध: कोरीव फर्निचर आणि चिक्कूपणा. आम्ही पाहुण्याला विचारतो, "जेवणार, की हलकं, म्हणजे उपाशीपोटी, झोपणार?" असं म्हणून सगळा देश आम्हाला हसतो. हसू दे. पण ती चिक्कू नजर फोटोंवर पडली आणि भांडण पेटलं.

फर्निचर संघाने परदेशी गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट काढली आणि फोटोंचं वर्षभराचं काम इन्शिराहबाईंना दिलं. याच कामावर त्यांचा स्टुडिओ तगणार होता. पहिलाच फोटो लाकूडकाम करणाऱ्या उस्ता मितवल्लींच्या सोफ्याचा. पाठीवर लाकडात कोरलेला हंस, पीस न् पीस वेगळं. संघाचे अध्यक्ष हाजी शिरबीनी फोनवर ओरडले, "बाई, फोटो फार जड! दाब द्या त्याला!"

आमच्याकडे फोटो हलका करायला आणि रक्तदाबाला एकच शब्द. शेजारच्या उम्म हनान खिडकीतून ऐकत होत्या. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच: "मी दाब देणार नाही! माझ्याकडे दाब नाही!" त्या घाबरून खारट चीजचा डबा घेऊन धावत आल्या. "खा बाई, खा! दाब उतरला की माणूस पडतो!"

"मी पडणार नाही, उम्म हनान," चीज चघळत इन्शिराहबाई म्हणाल्या. "पाडणार आहे."

संध्याकाळी त्या कॉफीहाऊसमध्ये गेल्या, मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, मॅच बंद केली. मॅच बंद करणारा माणूस आमच्याकडे सहसा जिवंत परतत नाही. त्यांनी दोन हंस शेजारी शेजारी दाखवले. एक मूळ; दुसरा सेव्ह करताना दर्जाचा काटा पार तळाला ओढून हलका केलेला. दुसऱ्याची पिसं विरघळून चौकोनी ठिपके झाले होते.

उस्ता मितवल्ली खुर्चीवरून उठले. "हा माझा हंस? ही उकडलेली कोंबडी आहे!"

"यंत्रावर कापलेला वाटतोय," कोणीतरी म्हणालं. दमिएत्तात याहून मोठी शिवी नाही.

हाजी शिरबीनी कोपऱ्यात हुक्का ओढत होते. "अहो बाई, गिऱ्हाईक फोन घेऊन ताटकळत बसतं. फोटोला एक रात्र हलकं झोपू द्या की!"

"तुमच्या घरी पाहुणे झोपतात तसे, हाजी? माझा फोटो पोटभर जेवूनच झोपणार!"

कॉफीहाऊस टाळ्यांनी दणाणलं. हाजींचा हुक्का विझला.

"मधलं काहीतरी करा," ते चाचरत म्हणाले. "थोडाच दाब."

खरं तर तसं करता येतं. पिसं शाबूत ठेवून फोटो निम्म्याहून हलका होतो. हे बाईंनीच मला एकदा करून दाखवलं होतं. मी हळूच त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाई, मधला काटा..."

"गप्प बसा. आज थोडा दिला, तर उद्या ते सगळा मागतील." मग मोठ्याने: "हाजी, शिरबीन गावापासून कैरोपर्यंत कुणालाही विचारा. इन्शिराह दाबत नाही!"

लोकांनी त्यांना मिरवत घरापर्यंत पोचवलं. उस्ता मितवल्ली पुढे नाचत होते.

काम हाजींच्या जावयाला मिळालं. त्याच्या ठिपक्यांच्या फोटोवरून हंसाचा सोफा त्याच आठवड्यात विकला गेला. गिऱ्हाइकाला तो पडद्यांच्या रंगाशी जुळणारा वाटला. स्टुडिओच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.