गोबरगॅसला मी पाजलेलं फिनाइल

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम शेण. मी दुसरी. ऐंशीच्या दशकात तो जयपूरला शेतीशास्त्र शिकवायचा. दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरमालकाच्या तीन म्हशींकडं तो ज्या नजरेनं बघायचा, त्या नजरेनं त्यानं मला दाखवायच्या कार्यक्रमातही बघितलं नव्हतं. मालकाच्या मागं लागून त्यानं परसात गोबरगॅस बांधला. गोठ्याशेजारी शेण कालवायचा हौद, पुढं विहिरीसारखा खड्डा, त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस साठला की टाकी वर यायची. सकाळी उठून लोक देवाला हात जोडतात, आमचे हे टाकी किती वर आली ते बघायचे.

गॅस मात्र झकास होता, हे कबूल करते. निळी ज्योत, भांड्याला काजळी नाही आणि सिलिंडरवाल्याच्या मिनतवाऱ्याही नाहीत.

एकदा नवऱ्यानं जाहीर केलं, पुढच्या रविवारी सांगानेरपलीकडच्या गावातला एक शेतकरी गॅस बघायला येणार. खरी धडपड त्याच्या सुनेची होती. चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम सुजलेले. सासऱ्याशी बोलायची तिकडं रीत नाही, म्हणून तिनं सासूच्या मागं टुमणं लावलं होतं. शेवटी म्हातारा म्हणाला, एकदा बघतो. नाही पटलं तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

पाहुणे गोठ्यात येणार म्हटल्यावर माझ्या अंगात स्वच्छता संचारली. गोठा मालकाचा असला म्हणून काय झालं, नाव माझ्या माहेरच्या साताऱ्याचं जाणार होतं! आठवडाभर रोज सकाळी मी फिनाइल ओतून खराट्यानं गोठा घासला. म्हशी शिंकायला लागल्या. धुतलेलं पाणी उतारानं थेट हौदात जायचं. कालवायला आयतं पाणी मिळालं म्हणून मी स्वतःवरच खूश. टाकी रोज थोडी कमी वर यायला लागली, तर नवऱ्यानं ते थंडीवर ढकललं.

रविवारी म्हातारा आला, मागं घुंघट ओढून सून. नवऱ्यानं हौसेनं भाषण ठोकलं आणि शेवटी म्हणाला, "अब चाय इसी गॅस पर बनेगी." परसातच मांडलेल्या गॅसच्या शेगडीशी मी काडी ओढली. ठणठणगोपाळ. दुसरी काडी, तिसरी काडी. चहा अखेर रॉकेलच्या स्टोव्हवर झाला.

"मास्टरजी, थांको गोबर तो मरग्यो," म्हातारा बशीतून भुरका मारत म्हणाला. म्हणजे तुमचं शेण तर मेलं!

नवऱ्यानं हौदाशी वाकून वास घेतला. मग माझ्याकडं वळून मराठीत विचारलं, "गोठा कशानं धुतलास?"

"फिनाइलनं."

"अगं, गॅस करणारे जंतूच मारलेस की!"

पाहुण्यांना यातलं अक्षर कळलं नाही. मी गप्प बसले असते तर खापर गॅसवर फुटलं असतं आणि माझी अब्रू शाबूत राहिली असती. गप्प बसायची इच्छाही झाली, खोटं कशाला बोलू? पण म्हातारा धोतर झटकत उठला, आणि घुंघटाआडून ती लाल डोळ्यांनी बंद शेगडीकडं बघत राहिली. 

"बाबाजी, गॅस का दोष नहीं," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "मैंने गोठे में फिनाइल डाला. रोज. सब मेरी गलती."

म्हातारा हसला. "आप पढ़े-लिखों से नहीं सँभला, तो हमसे क्या सँभलेगा?"

सून माझ्याकडं वळली. बोलली माझ्याशीच, पण परसाच्या भिंतीपलीकडंही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"जीजी, म्हांकै घर में फिनाइल छै ही कोनी."

म्हणजे, ताई, आमच्या घरी फिनाइल नाहीच. मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. निघालेला म्हातारा मागं फिरला. मग खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला आणि सुनेकडं न बघता नवऱ्याला म्हणाला, "मास्टरजी, खड्डा कितना गहरा खोदना पड़ेगा?"