खंडूभाऊंचं ‘येतो’

पाटोद्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून मी कुणाचा तरी अर्ज लिहीत होतो. तेवढ्यात आमच्या फिरत्या सिनेमाचं मशीन हातानं फिरवणारा करीमचाचा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मुन्शीजी, खंडूभाऊ गेले.” माझ्या तोंडून निघालं, “कुठं?” करीमचाचानं खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले... मग मला कळलं. दीड महिना झाला, त्या ‘कुठं’ची अजून लाज वाटते. पण खंडू सोंगाड्याला ज्यांनी पाहिलंय ते मला हसणार नाहीत. गेला की परत येणार, हीच तर त्यांची ख्याती होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दिंद्रुडच्या जत्रेत, तमाशाच्या बोर्डावर. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. जातो तो कायमचा. म्हणून माणूस ‘येतो’ म्हणतो आणि घरचे ‘या’ म्हणतात. खंडूभाऊंनी एवढ्याशा रीतीवर अख्खा धंदा उभा केला होता. “येतो, मंडळी,” म्हणून ते डावीकडून निघून जायचे, हजार माणूस “या!” म्हणून ओरडायचं, आणि हे भलतीकडूनच उगवायचे. त्या दिवशी मी पोट धरून हसत होतो, तर शेजारून कुणीतरी ढोसलं. “काहून हसतूस बे? त्यो तर गेला की.” बघतो तर खुद्द खंडूभाऊ, मांडी घालून, आपल्याच रिकाम्या बोर्डाकडे बघत बसलेले. त्या क्षणापासून मी त्यांचा झालो. अर्जनवीस माणूस, रोज दुसऱ्यांची रडगाणी सरकारी उर्दूत लिहायची. मला हसवणारा देवच वाटला.

पुढे ते पुण्याकडे गेले, दोन वर्षं कुणाला दिसले नाहीत, आणि परतले ते कॅमेरा घेऊन. त्यावर त्यांनी स्वतःच एक सिनेमा काढला, पण मुका. लोक म्हणाले, सोंगाड्याची जीभ काढली तर उरतं काय? खंडूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जीभ ह्या मुन्शीपाशी ठिवलीय.” झालं. त्या दिवसापासून पडद्याशेजारी उभं राहून त्यांचं बोलणं मी बोलू लागलो. रात्रीच्या खेळाला इजाजत मिळेना, म्हणून कापसाच्या गोदामात, दारांना घोंगड्या लावून, भर दुपारी खेळ व्हायचे. गोष्ट साधी. एक पाव्हणा, म्हणजे खंडूभाऊच, गावातून निघतो. कधी काठी विसरते, कधी पागोटं, आणि तो सारखा परत येतो. अखेर सगळं घेऊन तो माळाच्या वाटेनं लागतो, बाभळीपाशी वळतो, हात वर करून काहीतरी बोलतो. तिथं मी “येतो” म्हणायचो, गोदाम “या!” म्हणून गर्जायचं, आणि पडदा पांढरा व्हायचा.

शंभरदा पाहिल्यावर मला एक गोष्ट दिसली. ‘ये’ म्हणताना ओठ फाकतात, ‘जा’ म्हणताना जबडा उघडतो. बाभळीपाशी त्यांचा जबडा उघडत होता. कड्याला, त्यांच्या गावी, घरी गेलो होतो तेव्हा विचारलं. ती आमची शेवटची भेट. ते आधी चुलीकडे बघून आले, सोनावहिनी ऐकत तर नाहीत ना म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, “तोंडातनं निसटलं बे. रीळ संपलं व्हतं, पुन्यांदा घ्याया न्हाई आलं. म्हनून तर हिला अजून शिनेमा दाखविला न्हाई. तू येतो म्हनत ऱ्हा. तू म्हनतूस तवर झाकून हाय.” हसवणाऱ्या माणसाचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. मी हो म्हटलं.

आणि तरीही... लिहून टाकतो. अर्जनविसाला चुकीचा शब्द खपत नाही, ही माझी जन्माची खोड. खंडूभाऊ पडद्यावर एक बोलतात आणि मी भलतंच सांगतो, हे मला सलत राहिलं. दिंद्रुडच्या गोदामात एका दुपारी बाभळीपाशी ते वळले आणि मी म्हणालो, “जातो.” कुणी ‘या’ म्हटलं नाही. मशीन फिरवता फिरवता करीमचाचाचा हात थांबला आणि पाव्हणा हात वर करून तसाच उभा राहिला. त्याच दुपारी कड्याला खंडूभाऊंना ताप भरला. तिसऱ्या दिवशी लिंबाखाली करीमचाचा आला. योगायोग म्हणा. मीही तसंच म्हणतो, म्हणायला काय जातंय?

तेरावं झाल्यावर सोनावहिनींपुढे बसून सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “भावजी, मला त्यो शिनेमा दावा.” कड्याच्या गोदामात त्या बायकांत पुढं बसल्या. सगळे बोल मी बोललो. बाभूळ आली आणि माझी वाचाच बसली. ‘जातो’ एकदा म्हणून बसलो होतो. ‘येतो’ म्हणावं तर मेलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द कोण घालणार? पडद्यावर ते वळले. तेवढ्यात अंधारातून वहिनींचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा, “या.”

पडद्यावर खंडूभाऊंचे ओठ फाकलेले होते. जबडा उघडला नाही. मी पडद्यापासून तीन हातांवर उभा होतो.

करीमचाचाला विचारलं, तर म्हणाला, रीळ तेच आहे आणि पहिल्यापासून असंच आहे. मग खंडूभाऊंनी स्वतः मला सांगितलं ते काय? त्यानंतर चार खेळ झाले. मी बाभळीपाशी बोलत नाही. ते स्वतःच ‘येतो’ म्हणतात, बोलायची गरज उरलेली नाही, आणि माझ्यापाशी ठेवलेली ती जीभ माझ्यापाशी आहे की नाही, तेही आता सांगता येत नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो होतो. आतल्या खोलीत खंडूभाऊंची बाज आहे तशीच आहे, उशाला पागोटं. वहाणा उंबऱ्याच्या आत, नुकत्याच काढल्यासारख्या. चहा झाला, मी उठलो. रीत ती रीत. “येतो, वहिनी,” म्हणालो. वहिनी “या” म्हणाल्या, आणि मी उंबऱ्यावरून वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बाजेकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.