पासपोर्टशिवाय मतदान नाही

ग्रुपकरांनो, आज इथे आखातात, देऱ्यात आपल्या मराठी मंडळाची निवडणूक झाली. लढत होती अध्यक्ष पाटीलसाहेब आणि देशपांडेवहिनींची. निवडणूक अधिकारी मी. केंद्रावर माणसं नेमताना मी माजी सैनिकांना प्राधान्य दिलं आणि कदम हवालदारांना दारावर उभं केलं. नियमही माझाच: मूळ पासपोर्ट दाखवल्याशिवाय मतदान नाही.

पहिले आले पाटीलसाहेब. "पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे हो. लेबर कार्ड चालेल ना?"

"नाही साहेब. बाजूला व्हा," हवालदार म्हणाले.

इथे नोकरदाराचा पासपोर्ट कंपनीच ठेवून घेते, त्यामुळे मागच्या सगळ्या पुरुषांचे पासपोर्टही कंपन्यांकडेच! मी आतून धावत बाहेर आलो.

"हवालदार, नियम बदलला. सोडा सगळ्यांना."

"लेखी आदेश द्या साहेब."

"अहो, लेटरहेड आणि शिक्का आत आहे."

"मग पासपोर्ट दाखवा आणि आत जा."

माझाही कंपनीतच!

पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांचे पासपोर्ट घरीच असतात. "यल्ला गं, चला!" म्हणत आमच्या सौ. पर्समधला पासपोर्ट नाचवत पुढे झाल्या, मागून बाकीच्या. देशपांडेवहिनी बिनघोर निवडून आल्या.

पाटीलसाहेब म्हणतात, निवडणूक रद्द करा. माझ्या मते ती नियमाप्रमाणे अगदी चोख झाली. तुम्हाला काय वाटतं? उत्तर पाठवण्याआधी घरात विचारून घ्या.