सुमनचा हातबाँब

माझी बायको सात वर्षं हातबाँब ठेवून पापड वाळवत होती आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

इकडे परदेशात, टूनगॅबीला मुलाकडे आल्यावर सुमनने कुठल्याशा गराज सेलमधून ते सीताफळासारखं लोखंड उचललं. पोटाला भोक, आत पोकळ. अंगणातल्या पापडांचं कापड उडू नये म्हणून ठेवायची. लॉकडाउनच्या आदल्या वर्षी ती गेली. या ऑगस्टात घरात बसून बसून कुल्ले दुखले (खरं तेच लिहितोय), तेव्हा म्हटलं, पापड आपणच करू. झाले नकाशासारखे. तरी वाळत घातले. तीन कोपऱ्यांवर विटा, चौथ्यावर तिचं लोखंड.

कुंपणापलीकडून शेजारी कीथ ओरडला. माझ्याच वयाचा म्हातारा, युद्धातल्या जुन्या वस्तू जमवतो. माझं इंग्रजी 'नो वरीज'पुढे जात नाही, म्हणून मुलाला, प्रशांतला, मीटिंगमधून उठवलं. कीथचं ऐकून तो पांढरा पडला.

"बाबा, हा ग्रेनेड आहे. महायुद्धातला. लांब व्हा."

"तुझी आई सात वर्षं जवळ होती त्याच्या."

कीथने भोक बघून सांगितलं, आतली दारू केव्हाच काढलीय, भिऊ नका. मग त्याला वेगळंच वेड लागलं. बुडाच्या झाकणावर म्हणे कारखान्याची खूण असते. आमच्याकडे तेल आणि पीठ बसून सगळं काळं! त्याने फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तिकडे कल्लोळ. अक्षरं इंग्रजी नाहीत, अशी खूण कुणाच्याच वहीत नाही, वस्तू म्युझियममध्येच गेली पाहिजे!

प्रशांत लगेच तयार. "खाली देणारी म्हणून आईचं नाव लागेल, बाबा."

तिच्या साड्या दिल्या, चष्मा दिला. हे द्यायचं नव्हतं.

कीथ म्हणाला, टूथब्रशने घासा. घासलं. अक्षरं वर आली आणि माझा हात थांबला.

एक सांगायचं राहिलं. (लपवलं नाही, विसरलो होतो.) मी चौथी नापास. ठाण्याला भांड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं नावं घालायचो. मशीन इकडेही आणलं. सुमनचा हुकूम होता, घरातली एकही वस्तू बिननावाची नको, शेजारी गेली की परत येत नाही. म्हणून तिथली बारीक इंग्रजी अक्षरं कानशीने साफ घासून मी टपोरं घातलं होतं: सौ. सुमन.

प्रशांतने हे कीथला सांगितलं. त्याने "कानशीने?" असं दोनदा विचारलं, डोकं धरलं आणि मग इतका हसला की मास्क हनुवटीवर आला. प्रशांतही हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. म्युझियम बारगळलं. कीथने मात्र आपल्या वहीत कारखान्यांच्या यादीत लिहून घेतलं, सुमन, टूनगॅबी.

या गडबडीत चौथा कोपरा मोकळाच होता. वारा आला आणि कापडासकट सगळे पापड कीथच्या अंगणात!

सुमनचं खरं होतं. लोखंडावर नाव होतं, ते घरी राहिलं. पापड बिननावाचे, ते गेले. कीथच्या कुत्र्याने एक तोंडात घेतला, जरा चावला आणि कुंपणाशी आणून माझ्यापुढे ठेवला. नाव नसूनही त्याने ओळखलं, कुणाचा ते.