कोऱ्या अर्ध्या पानावरचे उत्तर

लेखापरीक्षणात मी उशिरा आले. तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवण्यात बरीच वर्षे गेली. परीक्षा देऊन या खात्यात रुजू झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. मला मोठ्याने बोलता येत नाही. आमच्या कामात त्याने फारसे अडत नाही, कारण आमचे भांडण कागदावर चालते. पानाच्या एका अर्ध्या भागात आक्षेप लिहायचा, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा सोडायचा. या पत्राला अर्धसमास म्हणतात.

मागच्या वर्षी आरोग्य सुधारणांच्या कार्यक्रमाचे परीक्षण आमच्या पथकाकडे आले. उपकेंद्रांत आता चोवीस तास बाळंतपणाची सोय झाली आहे, असे शासनाचे म्हणणे होते. ते खरे आहे का, हे आम्ही पाहायचे होते. फायलीवर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे नाव होते, ते मी दोनदा वाचले. वीस वर्षांपूर्वी, कन्नडजवळच्या आमच्या गावी, भरदुपारी उपकेंद्राला कुलूप होते म्हणून बहिणीला जीपमध्ये घालून न्यावे लागले. मूल वाटेतच गेले. तेव्हा तालुक्याचे आरोग्य अधिकारी असलेल्या याच साहेबांनी तक्रार घेऊन गेलेल्या वडिलांना सांगितले होते, "काका, कागदोपत्री केंद्र उघडंच होतं. तुम्हीच जरा आधी निघायचं."

असा पूर्वसंबंध वरिष्ठांना कळवणे माझे कर्तव्य होते. मी कळवले नाही. ते चुकले हे मान्य आहे. पश्चात्ताप मात्र नाही.

अडचण निराळीच होती. आमच्या अहवालात नाव येत नाही, पदनाम येते. साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांनी उत्तर लांबवले असते, तर ठपका त्या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यावर गेला असता. मला खुर्ची नको होती, माणूस हवा होता. म्हणून संयुक्त पाहणीला त्यांनी स्वतः यावे, असे मी लेखी कळवले.

पैठण रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात आम्ही गेलो. नव्या इमारतीत प्रसूतीचे टेबल अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. साहेबांनी पाठवलेल्या मासिक अहवालात तेच टेबल 'वापरात' होते.

"सिस्टर, हे काय?" साहेब तिथल्या नर्सबाईंवर खेकसले. "लेखी खुलासा द्या!"

"नवरीवानी झाकून ठिवलंय, सायेब," बाई म्हणाल्या. "लायटीचा मीटरच नाय. बॅटरीच्या उजेडात टाके घालू व्हय?" मग त्यांनी पर्समधून घडीचे तीन कागद काढून माझ्या हातात दिले. "तीनदा लिवलं मॅडम, सायेबांच्या हातात दिलं. पोच हाय."

प्रत्येक पत्रावर साहेबांच्या कार्यालयाचा आवक शिक्का होता आणि खाली साहेबांच्याच अक्षरात 'पाहिले'.

त्या टेबलावर पान ठेवून मी आक्षेप लिहिला. हाताखाली प्लास्टिक करकरत होते.

"मॅडम, चहा घेऊ. उत्तर ऑफिसातून पाठवतो."

"इथंच द्या, साहेब." मी पान त्यांच्याकडे सरकवले.

त्यांनी कोऱ्या भागात लिहिले, 'संबंधित परिचारिकेवर जबाबदारी निश्चित करण्यात येईल.' मी ती तीन पत्रे त्या ओळीशेजारी मांडली. त्यांनी ती एकेक करून वाचली. मग ओळ खोडून त्यांनी लिहिले, 'विद्युत जोडणीअभावी कक्ष बंद. पत्रे पाहिली होती.' खाली नुसती आद्याक्षरे.

"पूर्ण सही करा. नाव आणि तारीखही."

पेन थांबले. "आपली आधी काही ओळख?"

"माझ्या वडिलांची होती."

त्यांनी आठवून पाहिले, आठवले नाही. सौजन्याने विचारले, "कसे आहेत ते?"

"गेले."

साहेबांनी पूर्ण नाव लिहिले. मी ते अक्षर अक्षर सावकाश वाचले आणि मला फार बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. परतताना गाडीतून बहिणीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मीटर कधी बसणार?"

ते मी कुठल्याच अर्धसमासात विचारले नव्हते. घरी न जाता कार्यालयात गेले आणि नवीन पान घेतले.