तिसरं बटण

सासऱ्यांचा कोट मी भांडेवालीला दिला, तेव्हा तो कोणाचा आहे हे मला पक्कं माहीत होतं. नजरचुकीने गेला, असं पुढे मी मुलीला सांगितलं. ते खोटं होतं. बायको भिवापूरला भावाकडे गेली होती, आणि जुन्या कपड्यांच्या ढिगावर भांडेवाली मोठं पातेलं द्यायला तयार होईना. "एक गरम कपडा टाका न भाऊ," म्हणाली. पेटी उघडीच होती. राखाडी लोकरी कोट, बाहीला कसर लागलेली, तिसरं बटण गायब. टाकला. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती.

आठ दिवसांनी, शनिवारी, बायकोचा फोन आला. "बाबांचा कोट उन्हात टाकून ठेवजा. पोरगी शिकायला तिकडं थंडीत चालली, तिले होईल. मी उद्या संध्याकाळी येते."

मुलीला सांगितलं. रागावण्याऐवजी तिचे डोळेच चमकले. मैत्रिणींबरोबर जुने कपडे शोधत हिंडणं हा तिचा आवडता उद्योग. "भांडेवालीचा माल कुठं जाते, मले माहीत आहे. उद्या सातला निघू. आणि बाबा, कोट दिसला तरी चेहरा पाडून ठेवायचा. खूश दिसले का संपलं."

शहरातल्या महाल भागाच्या पुढे रस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांवर कपड्यांचे ढीग होते. इतकी वर्षं मी तिथून नाक मुरडून गेलो होतो. पहिल्याच ढिगात हात घातला, तो दंडापर्यंत आत गेला, आणि मला चेवच चढला. सखलादीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं जाकीट निघालं, कोणाचा तरी लग्नातला झगमगता कुर्ता निघाला, आणि मग लांब कॉलरचा तपकिरी शर्ट. कॉलेजात असताना असाच शर्ट दुकानाबाहेर उभा राहून कितीदा पाहिला होता! तिथेच अंगात घातला. बटणं लागली!

"बाबा," मुलगी म्हणाली, "कोट."

कशासाठी आलो होतो, हे मी अर्धा तास साफ विसरलो होतो. लाज वाटली. शर्ट मात्र सोडला नाही; पैसे देऊन अंगातच ठेवला.

कोट एका दोरीवर टांगलेला दिसला, इस्त्री केलेला. रंग तोच, पण बाही धड आणि बटणं पूर्ण. "हा नाही," मुलगी म्हणाली. मी कॉलर उलटली. अस्तरावर बिब्ब्याने काढलेले दोन ठिपके, खाली आडवी रेघ. भिवापूरच्या धोब्याने सासऱ्यांच्या घराला दिलेली खूण.

"हाच! हाच तो!" मी ओरडलो. मुलीने कपाळावर हात मारला.

"काहून ओरडून राहिले भाऊ?" विकणारी बाई म्हणाली.

"आमचा कोट आहे हा!"

"होता. आता माहा हाय. कसर लागली होती, रफू मी केलं. एक बटन नव्हतं, जोडीचं भेटलं नाही म्हणून चारही नवे लावले. घरी होता तवा तुमी काहून नाही केलं?"

मागितले तेवढे पैसे दिले. "निम्म्यात भेटला असता," मुलगी मागे बसून घरापर्यंत सांगत होती, आणि मी स्कूटरवर शीळ घालत होतो.

घरी आल्यावर ध्यानात आलं, की बायकोला तुटक्या बटणाचा कोट माहीत आहे. मी ब्लेड घेऊन बसलो. तिसऱ्या बटणाखाली धागा असा घट्ट गुंडाळला होता, की पातं आत शिरेना. एवढं मन लावून कोणी केलेलं काम मी माझं खोटं झाकायला तोडत होतो. ब्लेड ठेवून दिलं.

बायको मिरच्यांची पिशवी घेऊन आली. तिने चप्पल काढायच्या आत मी सगळं सांगितलं, माहीत असून दिला हेही.

तिने कोट हातात घेतला. रफूवरून बोट फिरवलं. मग शिवणाच्या डब्यातून एक काळपट बटण काढलं. "मीच ओढून तोडलं होतं, लहानपणी. लावू लावू म्हणून राहून गेलं." तिसरं बटण उसवून तिने आपलं लावलं. तिला वेळ लागला.

दातांनी धागा तोडून ती माझ्याकडे वळली. "आणि हा अंगातला?"

"तिथलाच."

तिने माझी कॉलर धरून उलटी केली. "वाका. पाहू तर, कोणाच्या घरचा हाय."